बुधाची साक्ष

सत्काराची शाल आणायचं काम प्रफुल्लनं माझ्या गळ्यात मारलं. "चतुराताई, कापडातलं बायकांना कळतं. तुम्हीच आणा, आणि येताना लताबाईंनाही घेऊन या," म्हणाला. एका फेरीत दोन कामं. हा प्रफुल्ल इंदिरानगरात राहायचा, आमच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष होता, आणि दुसऱ्याला कामाला जुंपण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. धरणावर मंडळाचा तीन दिवसांचा मेळा चालू होता, शेवटच्या दिवशी सकाळीच तिथून निघून गेले मी. दोन हजार तीन सालचा डिसेंबर होता. रविवारची सकाळ, थंडी अशी की पंचवटीतले दुकानदार शटर अर्धं वर करून आत हात चोळत बसलेले. मरून रंगाची, जरीच्या काठाची शाल घेतली, नारळ घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, चल आता लताबाईकडं.

माझा नवरा भिकन. आमचा स्वतःचा टेम्पो आहे. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर तो माल वाहतो आणि मी तिथंच द्राक्षं निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करते. एरवी माणूस बोलका, पण त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि हातातली किल्ली बघत बसला.

"तू ये घेऊन. मी बसतो हितंच."

"अरे, दोन पावलं हायेत. बाई काय खाती का तुला?"

"बसतो म्हटलं ना."

लताबाई तयारच होती. धुवट जांभळी साडी, चापूनचोपून बसवलेले केस. तिची मुलगी पायल दारात उभी होती, ती माझ्याकडं न बघताच आत निघून गेली. लताबाई पंचवटीच्या बाजारात भाजी विकते. नवरा गेल्यापासून चार वर्षांत तिनं आमच्या मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी ती कशी काय तयार झाली, याचं मला नवल वाटत होतं. गल्लीतून चालताना तिनंच ते सांगून टाकलं.

"मला शाल-बिल काय नको, चतुराबाई. मला त्या खंडेरावच्या तोंडून एक गोष्ट ऐकायचीय. माईकवर, समद्यांसमोर. माझा नवरा पीत नव्हता, येवढंच त्यानं म्हनायचं."

"आन नाय म्हनला तर?"

"तर मी तिथंच बसंन. उठनार नाय."

ही गोष्ट काय ते आधी नीट सांगते. खंडेराव आणि पुंजाराम अशी एक विनोदी जोडी होती. जत्राजत्रांतून त्यांचे कार्यक्रम व्हायचे, आणि त्यांची 'बुधाची साक्ष' ही कॅसेट आमच्या जिल्ह्यात चहाच्या टपरीपासून हळदीच्या मांडवापर्यंत वाजायची. खंडेराव वकील व्हायचा आणि पुंजाराम, म्हणजे लताबाईचा नवरा, बुधा. गावात बोकड चोरीला गेलेला असतो आणि बुधाला साक्षीला उभं केलेलं असतं, एवढीच गोष्ट. पण वकील विचारणार, "अंधारात तुला काय दिसलं?" आणि बुधा म्हणणार, "अंधार दिसला की साहेब. लय दिसला." वकील म्हणणार, "मग ओरडला का नाहीस?" आणि बुधा म्हणणार, "वरडलो की. बोकडच म्हनला, हळू वरड, मालक उठंल." आज सांगताना त्यात काही वाटत नाही. पुंजारामच्या आवाजात ऐकलं की बरगड्या दुखायच्या. गळा मोकळा राहावा म्हणून तो गालात कायम एक लवंग धरून बोलायचा, त्यामुळं त्याचं बोलणं जरा गोल यायचं, आणि त्या गोल बोलण्याचंच लोकांना वेड होतं.

आमच्या पॅकहाऊसमध्ये हंगामात ही कॅसेट दिवसभर चालू असायची. हातात छोटी कात्री, डोक्याला टोपी, समोर द्राक्षाचे घड, आणि कानावर बुधा. बायकांना सगळी साक्ष तोंडपाठ झाली. पुढं पुढं वकिलाचा प्रश्न आला की बुधाच्या आधी आम्हीच उत्तर द्यायचो आणि कॅसेटमधला हशा आला की त्यात हसायचो. चाहता मंडळाची सुरुवात खरी तिथंच झाली. प्रफुल्ल नंतर आला आणि अध्यक्ष झाला, असं होतंच म्हणा.

मग एका रात्री, पेठकडून कार्यक्रम करून परत येताना, घाटात पुंजाराम टेम्पोतून पडून मेला. टेम्पो आमचाच होता. तेव्हा भिकन या जोडीची गाडी चालवायचा. खंडेरावनं पोलिसांना सांगितलं की पुंजाराम खूप प्यायला होता, मागं सामानावर जाऊन बसला, कधी पडला ते कळलंच नाही. सकाळी दरीत प्रेत सापडलं तेव्हा खिशात दारूची क्वार्टर होती. झालं. हसवणारा माणूस एका दिवसात दारुडा ठरला. पायलला बघायला दोन ठिकाणची माणसं येऊन गेली, आणि दोन्ही ठिकाणी बाप कसा मेला याची चौकशी झाल्यावर पुढं निरोप आला नाही. लताबाई एकच सांगत राहिली, त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. ऐकतो कोण.

खंडेरावनं नवा बुधा आणून पाहिला. लोकांनी त्याला शिट्ट्या मारून पळवून लावलं. तेव्हा प्रफुल्लला कल्पना सुचली. प्रश्न खंडेराव विचारील आणि उत्तरं आम्ही प्रेक्षक देऊ, सगळ्यांना पाठच आहेत. तेव्हापासून तसंच चालू झालं. शेकडो माणसं मिळून एक बुधा. खंडेरावला ते फारच सोयीचं पडलं. माईक एकट्याचा, नाव एकट्याचं.

टेम्पोत आम्ही तिघं पुढंच बसलो. धरणाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, मांडवांखाली अजून रात्रीचा गारवा धरून बसलेल्या.

"भिकनभाऊ," लताबाई म्हणाली, "त्या रात्री तुमी व्हते गाडीवर. तुमाला आला व्हता का दारूचा वास?"

भिकननं गिअर बदलला. "मी पुढं बघत होतो, वहिनी."

"वास नाकाला येतो भाऊ. डोळ्याला नाय."

मला त्याचा संताप आला. हेच उत्तर त्यानं पोलिसांना दिलं होतं आणि हेच मला. चार वर्षं त्याच एका उत्तराच्या आड हा माणूस बसला होता, आणि मी त्याची बायको असून त्याला तिथून उठवू शकले नव्हते.

धरणावर पोहोचलो तेव्हा लाँच धक्क्याला लागलेली होती. प्रफुल्ल तिला क्रूझ म्हणायचा. बॅनरवरही तसंच रंगवलेलं, 'भव्य चाहता क्रूझ, कलावंतांसह तीन दिवस'. होती ती एका ठेकेदाराची मोठी लाँच. वर ताडपत्री, खाली इंजिन, सगळीकडं डिझेलचा वास. रात्री काठावर तंबूत झोपायचं आणि दिवसा पाण्यात फिरायचं. पहिल्या दिवशी लावणी झाली, दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा आणि एक जादूगार. शेवटचा दिवस खंडेरावचा. लोकांनी गळ्यात मंडळाचे रुमाल बांधले होते, पोरीबाळींनी गजरे माळले होते, आणि दोन दिवस आपणही असेच हसत होतो हे मला तिथं पाय ठेवताच विचित्र वाटायला लागलं.

भिकनला मी दंडाला धरून आत आणलं. तो माझ्या शेजारी, दोराच्या वेटोळ्याजवळ बसला.

लाँच धरणाच्या मधोमध गेली आणि माईक नीट ऐकू यावा म्हणून लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं. दुपार झाली होती, तरी पाण्यावरचं धुकं पुरतं उठलं नव्हतं. ऊन होतं, पण पातळ, अंगाला न लागणारं. पलीकडचे डोंगर दिसत होते आणि दिसत नव्हते. इंजिन थांबल्यावर इतकं शांत झालं की लाँचेच्या कडेला पाणी चपचप लागत होतं तेही ऐकू येई. पाण्यातून ओल्या गाळाचा वास येत होता.

खंडेराव वकिलाचा काळा कोट घालून आला. केस ताजे रंगवलेले. टाळ्या झाल्या. प्रफुल्लनं लताबाईचं नाव पुकारलं, खंडेरावनं शाल उलगडून तिच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला, फोटो निघाला. लताबाई खाली बसायची ती बसली नाही. तिनं माईक धरला.

"खंडेरावभाऊ, तुमी बारा गावचं पानी त्यांच्यासंगं प्याले. सांगा या लोकांना. माझा नवरा पीत नव्हता."

खंडेरावनं छातीवर हात ठेवला. डोळे मिटले. काय अभिनय होता माणसाचा!

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "गेलेल्या माणसाबद्दल मला वाईट बोलायचं नाही... म्हणून मी चार वर्षं गप्प आहे. आजही मला गप्पच राहू द्या."

आणि त्यानं रुमालानं डोळे पुसले. लोक चुकचुकले. तिच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. मागून कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. लताबाईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती बोलल्याप्रमाणं तिथंच, माईकच्या पायाशी, खाली बसली. शाल खांद्यावरून घसरली ती तिनं सावरली नाही. मला वाटलं, उठावं आणि त्या माणसाच्या कानाखाली एक वाजवावी. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्याचं वाटोळं व्हावं असंच वाटलं, आणि तसं वाटणारी मी एकटी नव्हते.

"चला!" खंडेरावनं आवाज बदलला. "आता रडायचं नाय. बुधाला करू या उभं साक्षीला!"

लोक सावरून बसले. घसे खाकरले. खंडेरावनं कोटाची कॉलर धरली आणि तो नेहमीचा पहिला प्रश्न टाकला.

"नाव काय तुझं?"

आमचं उत्तर ठरलेलं होतं. 'कोनतं सांगू साहेब? बायकोनं ठिवलेलं कोर्टात सांगन्यासारखं नाय.' मी तोंड उघडलं. जिभेवर अचानक लवंगेची चव आली, तिखट, ताजी, आत्ताच चावल्यासारखी. आणि माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"पुंजाराम."

माझ्या एकटीच्या नाही. सगळ्यांच्या. एरवी आम्ही उत्तर द्यायचो तेव्हा कुणी पुढं धावायचं, कुणी मागं राहायचं, कुणी मध्येच फिसकन हसायचं. आत्ता एवढी माणसं, बायका, म्हातारे, पोरं, पण आवाज एक. जरा गोल.

खंडेराव चपापला आणि मग हसला. त्याला वाटलं, मंडळानं काहीतरी बसवलंय. "वा! श्रद्धांजली! वा!" म्हणाला. "बरं, पुंजाराम तर पुंजाराम. त्या रात्री कुठं होतास?"

"घाटात. टेम्पोच्या मागं."

प्रफुल्ल माझ्या समोरच उभा होता. त्याचे डोळे वटारलेले, एक हात गळ्याशी, आणि ओठ मात्र आमच्यासंगं हलत होते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

खंडेरावनं माईक खाली घेतला. चेहरा पडला होता त्याचा. त्यानं थांबायला पाहिजे होतं, आणि मला वाटतं त्याला थांबायचंही होतं. पण ते प्रश्न त्याच्या तोंडात इतकी वर्षं घर करून बसले होते की एकामागून दुसरा आपोआप येई. माईकशिवाय, बारीक आवाजात तो म्हणाला,

"अंधारात... तुला काय दिसलं?"

"लाल दिवा. लांब लांब जानारा."

माझ्या बोटांच्या फटींतून शब्द बाहेर आले. लताबाईनं मान वर केली. ती एकटीच गप्प होती. नवरा गेल्यापासून तिनं ती कॅसेट कानावर पडू दिली नव्हती, ती आमच्यातली नव्हतीच. ती आमच्या तोंडांकडं एकेक करून बघत होती. आवाज तिनं ओळखला होता.

"मग ओरडला... का नाहीस?"

"वरडलो की साहेब. नाव घेऊन वरडलो."

"कुणाचं?"

हा प्रश्न साक्षीत नव्हता. हा खंडेरावचा स्वतःचा होता.

"भिकनचं. तुमचं कशाला घेऊ? तुमीच तर म्हनले, उतर खाली."

मी वळून बघितलं. भिकन माझ्या शेजारी बसला होता. त्या अख्ख्या लाँचेवर साक्ष पाठ असलेला आणि तरी तोंड मिटलेला तो एकच माणूस होता. दात घट्ट आवळलेले. कपाळावरून घाम खाली येत होता, एवढ्या थंडीत.

"तू पिला होतास," खंडेराव ओरडला. "बाटली होती तुझ्या खिशात... सगळ्यांनी बघितली..."

"साहेब, आता म्या इचारू?" आमच्या तोंडांनी विचारलं, अगदी मऊपणानं. "बाटली कोनी ठिवली?"

खंडेरावचा जबडा हलला. त्याला बोलायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. गळ्याच्या शिरा ताठरल्या.

"मी."

"कवा?"

"सकाळी... पोलीस यायच्या आधी. खाली उतरून."

"आन वरडत होतो ते ऐकू आलं व्हतं का?"

"आलं होतं."

लताबाईनं एक मोठा श्वास सोडला. रडली नाही. दोन्ही हात जोडून तिनं ते कपाळाला लावले, आमच्याकडं बघून. मलाही वाटलं, झालं, तिला हवं होतं ते तिला मिळालं, आता हे थांबेल. तेवढ्यात खंडेरावच्या तोंडातून साक्षीतला शेवटचा प्रश्न निसटला. त्या प्रश्नावर बुधा म्हणायचा, 'खोटं बोलाया मी काय वकील हाय?' आणि मग कॅसेटभर तो प्रचंड हशा यायचा.

"हे सगळं खरं... कशावरून?"

आम्ही उत्तर दिलं नाही. कुणीच नाही. त्या गप्प बसण्याला तो घाबरला. हात पुढं करून, "नको... नको..." करत मागं मागं सरकला. लाँचेच्या मागच्या अंगाला चढण्या-उतरण्यासाठी कठडा मोकळा असतो, तिथं साखळी असते. साखळी लावलेली होती, हे मी नंतर पोलिसांनाही सांगितलं. ती त्याच्या गुडघ्यामागं अडकली आणि तो पाठीवर पाण्यात गेला.

आणि तेव्हा हशा आला.

कसं सांगू तुम्हाला. माझ्या पोटातून तो आला, आणि मला हसायचं नव्हतं. खंडेराव वर आला, पाणी थुंकला, ओरडला, "वाचवा!" आम्ही हसलो. तो बुडाला, आम्ही थांबलो. तो वर आला, "दोर टाका... दोर..." आम्ही हसलो. बायका पोट धरून, पुरुष मांड्या बडवून, आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते हसण्याचं नव्हतं. शेजारच्या म्हातारीचे हात जोडलेले होते, देवाचा धावा करावा तसे, आणि तिचं बोळकं तोंड वासून हसत होतं. लाँचवाला इंजिनाच्या दोरीवर हात ठेवून वाकलेला, खांदे गदगदत होते, पण त्याला दोरी ओढता येत नव्हती. माणूस जीव तोडून ओरडत होता आणि प्रत्येक हाकेला त्याला हशा मिळत होता, अगदी जिथल्या तिथं, एकही हाक वाया न जाता.

लताबाई एकटी धावली. "अरं काढा त्याला! हसता काय, काढा!" तिला त्याचा जीव घ्यायचा कधीच नव्हता. तिनं कडेची हवेची ट्यूब ओढून काढली आणि होती नव्हती ती ताकद लावून फेकली. ती जवळच पडली, पण त्याच्या हाताला लागेना. मग ती आमच्याकडं वळली, एकेकाला हलवू लागली आणि भिकनपाशी येऊन थांबली.

कारण भिकन हसत नव्हता.

त्याचे हातपाय त्याचे होते. दोराचं वेटोळं त्याच्या पायाशी होतं. लताबाईनं त्याचा खांदा धरून गदागदा हलवला. "भाऊ, दोर टाका! भाऊ, तुमी तरी!" भिकन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, स्टिअरिंग धरावं तसे मुठी आवळून, पुढं बघत होता. मी हे हसत हसत बघितलं. देवा, मी हे हसत हसत बघितलं.

शेवटची हाक गेली आणि हसणं कापल्यासारखं थांबलं. जिभेवरची लवंग नाहीशी झाली. मग लोक ओकायला लागले.

दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्यांना खंडेराव काठाला सापडला. कोटाच्या खिशात दारूची क्वार्टर होती. माणूस कार्यक्रमाआधी कधीच घेत नसे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि लाँचेवर दारू नव्हतीच. वर्तमानपत्रात आलं, नशेत तोल जाऊन विनोदी कलावंताचा मृत्यू. त्यानं आपल्या तोंडानं दिलेली कबुली मात्र एवढ्या माणसांनी ऐकली होती, ती कोण दाबणार. महिन्याभरात ती गावागावात पोहोचली. लताबाईकडं लोक पाया पडायला जाऊ लागले. पायल आता मान वर करून चालते, असं मी ऐकते. मला तिच्या दारात जायचं धाडस होत नाही.

भिकननं त्या रात्री मला सगळं सांगितलं, मी न विचारता. कार्यक्रमात लोकांनी बुधा बुधा म्हणून पुंजारामला खांद्यावर घेतलं होतं आणि खंडेराव बाजूला उभा राहिला होता. घाटात त्यानं भांडण उकरून काढलं, पुंजारामला खाली उतरवलं आणि भिकनला म्हणाला, घे पुढं, पळू दे जरा साल्याला. "मला वाटलं गंमत करतोय. म्हटलं, वळनावर थांबू. आरशात दिसत व्हता पळताना... खंडेराव म्हनला, अजून घे. म्या घेतली. मंग आरशात दिसंना. अंधारात दरीत गेला, ते सकाळीच कळलं." एवढं बोलून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी त्याला जवळ घेतलं नाही. मला घेता आलं नाही.

त्यानं टेम्पो दारात लावला तो लावला. पुन्हा हात लावला नाही. उतार आहे म्हणून पुढच्या चाकाला दगड लावून ठेवला.

मग एका सकाळी तो सहज म्हणाला, "चहा टाकला का?" मी टाकला म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "लाल दिवा. लांब लांब जानारा." कप माझ्या हातातून पडला. दुपारी, "मीठ कुठंय?" तर मी, "घाटात." त्यानंतर भिकननं मला काही विचारणंच सोडलं. घरात प्रश्न नाहीत. पाहुणा आला आणि बरे हायेत का म्हणाला की मी उठून आत जाते. असा हिवाळा गेला. माणूस वाळून गेला नुसता.

शेवटी एक दिवस, सकाळचीच वेळ, बाहेर सार्वजनिक नळाला पाणी आलेलं, बायकांचा कलकलाट चाललेला, तो माझ्यासमोर पाट घेऊन बसला.

"चतुरा, आज इचारतोच. त्याला काय बोलायचं ते बोलू दे एकदाचं."

"नको," मी म्हटलं. पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला, घशापर्यंत.

भिकननं हात जोडले. "पुंजाराम... काय पायजे तुला?"

मी दात दाबून धरले. शब्द आला नाही. लवंगेची चव आली नाही. काहीच आलं नाही, आणि मला वाटलं, सुटलो. मी बोळा काढायला हात वर केला.

तेवढ्यात बाहेरचा कलकलाट थांबला. हंडे, बादल्या, पोरांची रडारड, सगळं. नुसतं नळाचं पाणी पडत राहिलं. आणि नळावरच्या सगळ्या बायका, ज्यातल्या कित्येकींनी ती कॅसेट कधी ऐकलीसुद्धा नव्हती, एका आवाजात म्हणाल्या,

"भिकन, गाडी थांबव."

टेम्पो दारातच उभा होता. चाकाला दगड होता. मला खिडकीतून दोन्ही स्वच्छ दिसत होते. आणि इथं घरात, पाटावर बसलेला भिकन, हात हवेत घट्ट धरून, उजवा पाय सगळा जीव एकवटून फरशीवर दाबत ओरडत होता,

"लागत नाय... चतुरा, ब्रेक लागत नाय..."